तळाच्या जहाजावरचा रांजण

बोलणारा रांजण तुमच्या ऐकण्यात नसेल. आमच्यात बोलायची पद्धतच नाही. पोट भरलेलं असलं की आवाज फुटत नाही, आणि रिकामं असलं की आमचं ऐकतो कोण? पण गेल्या वर्षभरात माझ्याबद्दल इतक्या जणांनी इतकं बोलून घेतलंय, की आता दोन शब्द मीही बोलतो. मी पाण्याचा रांजण. साधा, बिनरंगाचा, पोटानं रुंद आणि मानेनं आखूड. वय विचाराल तर तीन तज्ज्ञांनी तीन सांगितली आहेत आणि त्यावरून त्यांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे. तुम्ही आपले दोन हजार वर्षं धरून चला. शंभर-दोनशे इकडेतिकडे झाली तर मी मनाला लावून घेणार नाही.

मला घडवणारा कुंभार कमी बोलायचा. त्याच्या वाटचं त्याची बायको बोलायची. माझी मान जोडताना जराशी एका बाजूला कलली, तेव्हा ती म्हणाली, "वाकडा झाला हो हा."

"पाणी सरळच पडेल," तो म्हणाला, आणि मानेखाली अंगठा दाबून त्यानं मला उन्हात ठेवलं.

भट्टीतून निघाल्यावर तिनं मला टिचकी मारून पाहिली. आवाज खणखणीत निघाला. "गिऱ्हाइकाला पोट दाखवा, मान दाखवू नका," असं तिनं नवऱ्याला बजावलं. त्याप्रमाणे एका जहाजाच्या तांडेलानं, म्हणजे जहाजावरच्या मुख्य माणसानं, माझं पोट पाहिलं आणि मला उचललं. मान त्याला जहाजावर गेल्यावर दिसली. तो हसला आणि त्यानं मला डोलकाठीच्या बुंध्याशी दोरानं बांधून टाकलं.

पाण्याच्या रांजणाकडे सगळ्यांना यावं लागतं. येतात ते घोटभर पाणी पितात आणि घटकाभर गाऱ्हाणं घालतात. वल्हेकरी तांडेलाला नावं ठेवायचे, तांडेल शेठला नावं ठेवायचा, आणि आचारी सगळ्यांना. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कुणाचं कुणाला सांगितलं नाही. जहाजावर सर्वांत विश्वासू कोण, असं कुणी विचारलं असतं तर माझंच नाव निघालं असतं. पण विचारतो कोण?

शेठ म्हणजे मालाचा धनी. शेवटच्या फेरीला त्यानं इतका माल चढवला, की समुद्र कडेला येऊन आत डोकावायला लागला.

"शेठ, भार जास्त होतोय," तांडेल म्हणाला.

"आजवर काही झालंय का?" शेठ म्हणाला. तो स्वतः धक्क्यावर उभा होता आणि तिथंच राहणार होता.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी वादळानं गाठलं. माणसांनी छोटी होडी सोडली. सगळ्यांत शेवटी तांडेल माझ्याकडे आला, त्यानं पाण्याची पखाल माझ्यात बुडवून भरून घेतली आणि माझ्या वाकड्या मानेवर हात ठेवला. मग तो गेला. ती होडी किनाऱ्याला लागली की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्या पखालीतलं पाणी किती दिवस पुरलं असेल, याचा हिशेब मी खाली पुष्कळ वेळा मांडून पाहिला. कुणा तज्ज्ञानं मात्र त्या माणसांबद्दल एक ओळ लिहिलेली नाही.

जहाज खाली गेलं ते बसल्यासारखं गेलं, आणि तळाच्या चिखलात सरळ टेकलं. माझ्या गोड्या पाण्यात खारं पाणी शिरलं. आयुष्यभर दुसऱ्याची तहान भागवली, आणि शेवटी पोटात हे आलं. सुरुवातीची शंभरेक वर्षं मला त्याचा राग होता. पुढे गेला.

वर उथळ पाण्यात बुडलेल्या जहाजांचे हाल होतात. लाकूड पोखरणारा किडा लागतो, लाटा आपटतात, जाळी अडकतात, आणि उरलंसुरलं पाणबुडे नेतात. आमचं तसं नव्हतं. आम्ही इतके खोल होतो, की तिथल्या पाण्यात हवाच नव्हती. हवा नाही म्हणून किडा नाही, आणि किडा नाही म्हणून डोलकाठी उभीच्या उभी. दोरखंडाचं वेटोळं तांडेलानं टाकलं होतं तसंच. आचाऱ्याची पळी कढईत. दोन हजार वर्षं एक खिळा जागचा हलला नाही. आणि हे सगळं कुणी राखलं? एक पहारेकरी नाही, एक बैठक नाही, एक समिती नाही.

मग एके दिवशी दिवा आला. दिव्यामागे लोखंडाची एक पेटी होती आणि पेटीला दोन हात होते. वर एक जहाज समुद्राच्या तळाशी तार टाकायची वाट शोधत होतं आणि ही पेटी त्याची. पेटी चालवणारा माणूस पडद्यासमोर डबा खात बसला होता. पुढे संग्रहालयात याची फिल्म रोज दहा वेळा दाखवायचे, म्हणून मला हे ठाऊक. तोंडात घास असतानाच तो म्हणाला, "अहो, इकडे या जरा. इथं डोलकाठी उभी आहे." आमचा शोध लागला तो असा. मंत्र्यांना दाखवायच्या फिल्ममधून मात्र त्याचा आवाज काढून टाकला आणि त्या जागी संग्रहालयाच्या संचालकांचा घातला. "त्या ऐतिहासिक क्षणी माझ्या अंगावर काटा आला," असं ते म्हणतात. त्या ऐतिहासिक क्षणी साहेब दाताच्या डॉक्टरकडे होते. काटा आला असेल, नाही असं नाही.

काही दिवसांनी पेटी परत आली. तिनं दोन हातांनी मला उचललं, अगदी हळू, आणि वर नेलं. निघताना माझा दोर डोलकाठीवरून सुटला. दोन हजार वर्षांचा शेजार होता, वाईट वाटलं. वर आल्यावर माझ्या पोटाला एक चिठ्ठी बांधली: नमुना क्रमांक एक.

मला ठेवलं ती खोली संग्रहालयाच्या मागच्या बाजूला होती. लांबट खोली, पांढऱ्या टाक्या, एक खिडकी, एक बेसिन, आणि कोपऱ्यात शुद्ध पाणी तयार करणारं एक कुरकुरणारं यंत्र. तिथं एक बाई काम करायच्या. वय पन्नाशीच्या आतबाहेर, चष्मा दोरीला बांधलेला, आणि हात कायम ओले. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, मी बाई म्हणतो. जीव लावला त्यांनी.

त्यांचं काम असं. माझ्या अंगात दोन हजार वर्षांचं मीठ मुरलेलं. तसाच वाळवला तर आतलं मीठ कडक होऊन फुगतं आणि भांडं फोडतं. म्हणून मला शुद्ध पाण्यात ठेवायचं. आठवडाभरात थोडं मीठ पाण्यात उतरतं. दर सोमवारी त्या पाण्यात मीटर बुडवून मीठ किती उतरलं ते पाहायचं, वहीत आकडा लिहायचा, पाणी ओतून द्यायचं, नवं भरायचं. पहिला आकडा नऊशेचा होता. चार महिन्यांत सहाशेवर आला. तो जवळजवळ शून्यावर आला, की मग वाळवायचं. बाईंचा अंदाज दीड वर्षाचा होता. ज्याला दोन हजार वर्षं लागली त्याला दीड वर्ष म्हणजे काहीच नाही, असं माझं मत पडलं.

दुपारी बाईंच्या आईचा फोन यायचा. बाईंचे हात ओले, म्हणून फोन टाकीच्या काठावर ठेवून मोठ्यानं बोलायच्या.

"काय करतेयस गं?"

"पाणी बदलतेय, आई."

"काल?"

"काल दुसऱ्या टाकीचं."

"इतकी शिकलीस आणि शेवटी पाणीच भरतेस. तुझी धाकटी बहीण बघ, बसल्या जागी काम करते."

"तिची पाठ दुखते ना पण."

"तुझीही दुखेल," असं म्हणून आई फोन ठेवायच्या. दुखायचीच. बादल्या जड होत्या.

आता संचालकसाहेबांकडे येतो. उंच, गोरेगोमटे, बोलायला गोड. त्यांना सबंध जहाज वर काढायचं होतं. काचेचं मोठं दालन, मधोमध जहाज, आणि दालनाला नाव कुणाचं ते अजून ठरायचं होतं, म्हणजे त्यांच्या मनात ठरलं होतं. सरकारी समितीनं मात्र अट घातली होती. आधी तेवढ्या खोल पाण्यातली एक वस्तू वाळवून, मांडून, सुखरूप ठेवून दाखवा. ती टिकली तर जहाज काढायला मंजुरी. ती एक वस्तू म्हणजे मी.

बाईंचा या बेताला विरोध होता. एकदा माझ्या टाकीजवळच दोघांचं बोलणं झालं.

"सर, ते खाली टिकलंय कारण तिथं कुणी पोचलं नाही. वर काढलं की एवढं जुनं लाकूड आक्रसणार, तडकणार. ते वर्षानुवर्षं ओलं ठेवायला लागेल. तेवढी टाकी कुठंय आपल्याकडे?"

"टाकी होईल, मॅडम."

"सर, गेल्या वर्षी मागितलेली बादली अजून आली नाही."

"तुम्ही फार नकारात्मक बोलता," साहेब म्हणाले. "मंत्रिमहोदय पुढच्या महिन्यात वेळ देतायत. रांजण तोवर वाळला पाहिजे."

"दीड वर्ष लागेल."

साहेब हसले आणि गेले. पुढच्या सोमवारी बाईंना पत्र आलं. परगावी तीन आठवड्यांचं प्रशिक्षण, हजेरी सक्तीची. विषय: खाऱ्या पाण्यातील वस्तूंची निगा, प्राथमिक ओळख. तिथं जी पुस्तिका वाटली ती बाईंनीच आठ वर्षांपूर्वी लिहिली होती. परत आल्यावर त्यांना उपस्थितीचं प्रमाणपत्रही मिळालं.

बाईंच्या जागी आले साहेबांचे भाचे. तिशीतले, नीटनेटके, खिशाला दोन पेनं. नेमणूक रीतसर झाली होती, अर्ज एकच आला होता. कार्यालयात ते साहेबांना सर म्हणत, पण घाईत तोंडातून मामा निघून जायचं. मी त्यांना भाचेबुवा म्हणतो. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

जाताना बाईंनी त्यांना समजावलं. "आधी मोजायचं, लिहायचं, मग पाणी बदलायचं. लक्षात राहील ना?"

"मॅडम, पाणीच तर बदलायचंय," भाचेबुवा म्हणाले.

पहिला सोमवार आला. भाचेबुवांनी टाकीत पाहिलं. आठवड्याचं पाणी, जरा गढूळ, वर माझ्या अंगाची माती. हातात नवा कोरा मीटर. स्वच्छतेची आवड असलेला माणूस असल्या पाण्यात मीटर कशाला बुडवेल? त्यांनी आधी पाणी बदललं, टाकी पुसून लख्ख केली, ताजं शुद्ध पाणी भरलं आणि मग मीटर बुडवला. शून्य. त्यांनी दोनदा पाहिलं. शून्यच. वहीत सुंदर अक्षरात शून्य लिहिलं. दुसऱ्या सोमवारी तसंच केलं, शून्य. तिसऱ्या सोमवारी ते वही घेऊन वर धावत गेले.

"मामा, शून्य. म्हणजे सर, शून्य."

साहेब खाली आले आणि त्यांनी वही डोळ्यांजवळ धरली. "नऊशेवरून सहाशेवर यायला मॅडमना चार महिने लागले. तू तीन आठवड्यांत संपवलंस. कामाची पद्धत असते, दुसरं काय."

मी टाकीत बसून ऐकत होतो. अंगात मीठ ठासून भरलेलं, आणि वहीत मी निर्मळ. ओरडून सांगावंसं वाटलं, पण पोट पाण्यानं भरलेलं.

मला खिडकीशी एका टेबलावर ठेवलं, दोन बाजूंनी दोन पंखे लावले आणि मागं एक हीटर. पहिल्या दिवशी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. इतक्या वर्षांनी अंग सुकं होत होतं आणि खिडकीतून ऊन येत होतं, कुंभाराच्या अंगणातल्यासारखं. दोन दिवसांनी मात्र आतून टोचायला लागलं. मीठ बाहेर यायला वाट शोधत होतं. चौथ्या दिवशी माझ्या मानेभोवती पांढरे फटफटीत डाग उठले.

साहेबांनी ताबडतोब इतिहासाच्या एका प्राध्यापकांना बोलावलं. त्यांनी भिंग लावून डाग पाहिले आणि कितीतरी वेळ हुंकार दिले. "श्वेत नक्षी," ते म्हणाले. "ही रेषा म्हणजे लाट. हे टिंब म्हणजे ध्रुवतारा. दर्यावर्दी लोकांची सौंदर्यदृष्टी पाहा." त्यांनी बसल्या बैठकीत लेख लिहिला. दुसऱ्या दिवशी लाटेच्या शेजारी तीन नव्या लाटा उठल्या आणि ध्रुवतारा खाली गळून पडला. तेव्हा प्राध्यापकांनी लेखाला पुरवणी जोडली.

मंत्र्यांच्या सोहळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी बाई परत आल्या. पिशवी खांद्यावर तशीच होती. त्यांनी माझ्या मानेवरून बोट फिरवलं आणि बोट जिभेला लावलं. मग त्यांनी वही मागितली. भाचेबुवांनी मोठ्या उत्साहानं पुढे केली.

"कधी मोजलंत?" बाईंनी विचारलं.

"दर सोमवारी, मॅडम. एक सोमवार चुकवला नाही."

"पाणी बदलायच्या आधी, की नंतर?"

"नंतर. स्वच्छ पाण्यात."

बाई स्टुलावर बसल्या. "अहो, तुम्ही नवं पाणी मोजलंत. रांजणाचं मीठ तर ओतून दिलेल्या पाण्यात होतं."

भाचेबुवांचा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला. "आता काय करायचं?"

"आता याला परत पाण्यात घालायचं. आत्ताच्या आत्ता. अजून वाचेल."

दोघंही साहेबांकडे निघाले, तेवढ्यात साहेबच सोहळ्याच्या दालनाची पाहणी करून खाली आले आणि बोलणं माझ्यासमोर झालं.

"सर, हा फुटेल," बाई म्हणाल्या.

"दोन हजार वर्षांत फुटला नाही तो उद्याच फुटणार? आजवर काही झालंय का?"

"आजवर तो पाण्यात होता, सर."

साहेबांनी भाच्याकडे पाहिलं. "तू मोजलंस ना रे?"

"हो, मामा."

"किती आलं?"

भाचेबुवा खाली पाहून म्हणाले, "शून्य."

खोटं बोलले नाहीत. विचारलं तेवढंच सांगितलं. खरं सांगायला आणखी एकच वाक्य लागत होतं, आणि ते त्यांनी गिळलं. माणसाला वाक्य गिळताना मी जहाजावरही पाहिलंय. वर एक पेला पाणी प्यावं लागतं. भाचेबुवाही बेसिनपाशी जाऊन पाणी प्याले.

माझी अवस्था सांगतो. मला जगायचं होतं. म्हातारा झालो म्हणून काय झालं? बाईंच्या टाकीत आणखी वर्षभर पडून राहायला मी एका पायावर तयार होतो. पण मी उद्याचा सोहळा निभावला, की समितीची अट पुरी. मग पेटी पुन्हा खाली जाणार, साखळ्या येणार, आणि माझं जहाज वर येणार. ती डोलकाठी, तो दोरखंड, सगळं या हीटरसमोर. मी टिकलो तर जहाज जातं, आणि जहाज राहायचं तर मी फुटायला हवं. आणि गंमत अशी, की यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं. फुटायचं म्हटलं तर फुटता येत नाही, आणि थांबायचं म्हटलं तर मीठ ऐकत नाही. रांजणाच्या जातीला इच्छा असू नये, हेच बरं.

दुसऱ्या दिवशी मला दालनात लाल कापडावर मांडलं. वरून सहा दिवे सोडले होते, चटके बसतील इतके जवळ. खुर्च्या भरल्या. संचालकांच्या आवाजातली फिल्म झाली. मंत्रिमहोदय उठले, माझ्याशेजारी उभे राहिले आणि बोलू लागले. आमच्या पूर्वजांचं काम असं मजबूत होतं, असं ते म्हणाले, आणि मजबूत म्हणताना त्यांनी माझ्या पोटावर थाप मारली.

एक खपली पडली. लाल कापडावर ती सगळ्यांना दिसली.

"हे असंच असतं का?" मंत्र्यांनी हळूच विचारलं.

"हो, साहेब," संचालक म्हणाले. "त्या काळी असंच असायचं."

मग मानेतून एक रेघ निघाली आणि पोटापर्यंत आली. दुसरी निघाली, ती तिला येऊन मिळाली. दुखलं. फार दुखलं, पण लवकर संपलं. माझं पोट सुटून कापडावर पसरलं आणि मान मंत्र्यांच्या बुटापाशी गडगडत गेली. शेवटच्या रांगेतल्या कुणाला तरी हा कार्यक्रमाचाच भाग वाटला आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. बाई तेवढ्या उठून पुढे आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि तुकडे गोळा करू लागल्या.

चला, जहाज वाचलं, असं मला वाटलं. संग्रहालयात इतके महिने काढूनही मी भोळाच राहिलो होतो.

आठवड्याभरात साहेबांचा अहवाल तयार झाला. नमुना क्रमांक एक मुळातच सदोष होता, कुंभारानं हयगय केली होती, मान वाकडी होती. सबब दुसरा, सरळ मानेचा नमुना वर काढून प्रयोग पूर्ण करावा, आणि दरम्यान जहाजासाठी साखळ्या मागवाव्यात. माझा कुंभार दोन हजार वर्षांपूर्वी मेलेला. त्याला स्पष्टीकरण द्यायलाही बोलावता येईना, म्हणून दोष त्याच्यावर ठरला. आता फक्त बाईंची सही हवी होती.

बाईंनी सही केली नाही. मीठ होतं, मोजण्यात चूक झाली, असं त्यांनी लिहून दिलं. समितीनं विचारलं, वहीत काय आहे? वहीत शून्य, शून्य आणि शून्य. मग मीठ नव्हतं, समिती म्हणाली. हातानं लिहिलेल्या शून्यापुढे जिभेला लागलेल्या मिठाला काय किंमत? निर्णय शुक्रवारी होणार होता.

त्या दुपारी आईंचा फोन आला तेव्हा बाई रडत होत्या. आईंना सगळं सांगितलं.

"नोकरी जाईल का?" आईंनी विचारलं.

"जाऊ शकते."

"सही करू नकोस," आई म्हणाल्या. "जन्मभर पाणी भरलंस, आता त्यात मीठ होतं की नाही ते तुला कळणार नाही तर कुणाला कळणार?" आणि त्यांनी फोन ठेवला.

गुरुवारी भाचेबुवा खोलीत आले. माझे तुकडे एका पसरट ट्रेमध्ये पाण्याखाली मांडलेले होते, आणि ते पाणी आठवड्याचं झालं होतं. बाईंनी मीटर उचलला आणि भाचेबुवांच्या हातात दिला. भाचेबुवांनी तो गढूळ पाण्यात बुडवला. आकडा चढत चढत सातशेवर जाऊन थांबला. फुटल्यामुळे आतलं मीठ मोकळं झालं होतं ना. भाचेबुवा त्या आकड्याकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, वही उघडली, आणि तीन शून्यांपुढे तीनदा लिहिलं: पाणी बदलल्यानंतर मोजले. आकडा चुकीचा. प्रत्येकाखाली सही केली आणि तारीख घातली.

"मामा आता आमच्याकडे यायचे नाहीत," ते म्हणाले. "आईला सांगायचं राहिलंय. एकच भाऊ आहे तिला."

"चहा घेता का?" बाईंनी विचारलं.

दोघांनी खिडकीपाशी उभं राहून चहा घेतला.

शुक्रवारी समितीनं ठरवलं, की ज्यांना एका रांजणाचं मीठ मोजता येत नाही त्यांच्या हाती जहाज देऊ नये. जहाज आहे तिथंच राहू द्यावं. एवढं शहाणं वाक्य समितीकडून कसं निघालं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. कदाचित शुक्रवार असल्यामुळे सगळ्यांना लवकर घरी जायचं असेल.

आता तुम्ही म्हणाल, साहेबांचं काय झालं? त्यांचा सत्कार झाला. प्राचीन जहाज जागेवरच जपण्याचा दूरदृष्टीचा निर्णय घेतल्याबद्दल. फिल्ममध्ये नवा आवाज भरलाय: "त्याच क्षणी मी ठरवलं, याला हात लावायचा नाही." प्राध्यापकांचा श्वेत नक्षीवरचा लेख छापून आला आणि त्याला पारितोषिक मिळालं. भाचेबुवांची बदली तिकिटाच्या खिडकीवर झाली. बाई अजून पाणीच भरतात. बादली आलेली नाही.

माझे एकसष्ट तुकडे ट्रेमध्ये आहेत. बासष्टावा मंत्रिमहोदयांनी आठवण म्हणून नेला. तो त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय म्हणे. त्याला कुणी पाण्यात घातलेलं नाही, त्यामुळे त्यातलं मीठ अजून सरकारी कागदांवर गळतंय. मला दोन वर्षांनी सांधणार आहेत. तेवढी जागा मोकळी दिसेल, बाई म्हणतात. दिसू दे.

तुम्हाला माझं जहाज पाहायची इच्छा झाली असेल. होणारच, माणसं आहात. मग दिवा घेऊन खाली जा, मन भरेपर्यंत पाहा, डोलकाठीभोवती एक फेरी मारा. तांडेलानं कुठं पाय टेकला होता, तेही दिसेल. आणि दिवा घेऊन तसेच वर या. काही आणू नका, अगदी लहानसंही नको. आमच्यातला एक वर आलाय. तेवढा पुरे.